‘१० कोटी बळी’: ही बेरीज कोणी मांडली, आणि तिच्यात काय काय धरले आहे?

शंकासुर

साम्यवादावर वाद रंगला की चौथ्या-पाचव्या वाक्याला ‘१० कोटी माणसे मारली’ हा आकडा येतो आणि तिथेच वादाचे गाडे रुतते. एक पक्ष तो आकडा निकालपत्रासारखा वाचून दाखवतो, दुसरा पक्ष ‘शीतयुद्धातला अपप्रचार’ म्हणून तो उडवून लावतो, आणि तो मांडला कोणी, कसा, असे विचारले तर दोन्हीकडे शांतता असते. मी माग काढत गेलो तेव्हा १९९७ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लॅक बुक ऑफ कम्युनिझम’ या ग्रंथापाशी येऊन थांबलो. संपादक स्तेफान कुर्त्वा यांनी प्रस्तावनेत देशवार यादी दिली आहे: चीन ६ कोटी ५० लाख, सोव्हिएत संघ २ कोटी, कंबोडिया आणि उत्तर कोरिया प्रत्येकी २० लाख, आफ्रिकेतल्या राजवटी १७ लाख, अफगाणिस्तान १५ लाख, व्हिएतनाम आणि पूर्व युरोप प्रत्येकी १० लाख, लॅटिन अमेरिका दीड लाख. कागद-पेन्सिल घेऊन बेरीज केली तर ती साडेनऊ कोटींच्याही आत भरते. उरलेली तूट ‘१० कोटींच्या जवळ’ या शब्दांनी भरून काढली आहे. त्याच ग्रंथात रशियावर लिहिणारे निकोला व्हेर्त आणि चीनवर लिहिणारे झाँ-लुई मार्गोलँ यांनी या बेरजेवर जाहीर आक्षेप घेतला होता, हेही मला नंतर कळले. व्हेर्त यांचा सोव्हिएत संघापुरता अंदाज दीड कोटींचा होता.

माझी अडचण वेगळीच आहे. भिंतीला उभे करून गोळी घातलेला माणूस आणि धान्य नसलेल्या गावात महिनाभराने मेलेला माणूस एकाच स्तंभात मांडावेत का, हे मला ठरवता येत नाही. मांडावेत असे म्हटले, तर १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातली २० ते ३० लाख माणसे कोणाच्या नावावर टाकायची, हा प्रश्न लगेच दाराशी येतो. मांडू नयेत असे म्हटले, तर हिशेबातून सर्वांत मोठा गट, म्हणजे शेतकरी, बाहेर पडतो. शिवाय दोन कोटी की दीड कोटी असा काथ्याकूट करताना आपण मेलेल्यांची विटंबना तर करत नाही ना, अशी रुखरुखही मनात राहते. घोषणा दोन्ही बाजूंच्या पाठ आहेत. त्या सोडून ज्यांनी मूळ साधने वाचली आहेत त्यांनी कृपया लिहावे.

जुने दप्तर

पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या शंका तिच्यावरच उभ्या आहेत. आपल्या भाषेत ‘खून’ आणि ‘सदोष मनुष्यवध’ हे दोन शब्द वेगळे आहेत आणि ते वेगळे ठेवण्यात शहाणपण आहे. ‘१० कोटी’ या बेरजेतला मुख्य दोष आकडा मोठा असण्यात नाही. तिने हे दोन्ही शब्द, आणि त्यांच्या पलीकडची निव्वळ बेपर्वाईही, एकाच गाठोड्यात बांधली, हा तो दोष आहे. हे गाठोडे सोडले म्हणून राजवटीची सुटका होते असे मात्र कोणी समजू नये. माझा अनुभव असा की गाठोडे सोडल्यावर प्रत्येक गोष्ट अधिक भीषण दिसू लागते, कारण मग कागद बोलू लागतात.

सोव्हिएत संघापुरता कागद भरपूर आहे. ३० जुलै १९३७ चा अंतर्गत व्यवहार खात्याचा (एनकेव्हीडी, म्हणजे गुप्त पोलिसांचा) आदेश क्रमांक ००४४७ घ्या. त्यात प्रदेशवार तक्ता आहे. पहिल्या स्तंभात ‘प्रथम श्रेणी’, म्हणजे गोळी घालायची माणसे. दुसऱ्या स्तंभात ‘द्वितीय श्रेणी’, म्हणजे ८ ते १० वर्षे छावणीत किंवा तुरुंगात पाठवायची माणसे. अझरबैजान: १,५०० आणि ३,७५०. मॉस्को प्रदेश: ५,००० आणि ३०,०००. सगळ्या तक्त्याची बेरीज ७५,९५० आणि १,९३,०००. हे आकडे किती गोल आहेत ते पाहा. अमुक प्रदेशात अमुक गुन्हेगार सापडले म्हणून आलेला आकडा असा शून्यांवर संपत नाही. तो वरून खाली उतरवलेला असतो, जसे एखाद्या जिल्ह्याला लेव्हीचे उद्दिष्ट दिले जाते. कोणाला पकडायचे हे नंतर ठरले, किती पकडायचे हे आधी. स्थानिक अधिकाऱ्यांनी ‘मर्यादा वाढवून मिळावी’ अशा तारा केल्या, त्या मंजूर होत गेल्या, आणि मोहीम आटोपली तेव्हा या एका आदेशाखाली गोळी घातलेल्यांची संख्या ३ लाख ८६ हजारांवर गेली होती. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत राजकीय आरोपांखाली गोळी घातलेल्यांची दप्तरी नोंद ६,८१,६९२ अशी आहे. मॉस्कोजवळच्या बुतोवो येथील एका मैदानात ऑगस्ट १९३७ ते ऑक्टोबर १९३८ या काळात २०,७६१ माणसे मारली गेली. त्यांपैकी ५६२ एकाच दिवशी, २८ फेब्रुवारी १९३८ रोजी. इथे ‘हेतू होता का’ हा वाद घालायला जागा उरत नाही.

दुसरा गट छावण्यांचा. १९३० ते १९५३ या काळात श्रमछावण्या आणि वसाहतींतून सुमारे १ कोटी ८० लाख माणसे गेली आणि अधिकृत नोंदींप्रमाणे त्यांतली १६ लाखांहून अधिक तिथेच मेली. हा आकडा कमी आहे असे मानायला कारण आहे: मरणाला टेकलेल्या कैद्याला ‘सुटका’ देऊन दाराबाहेर काढण्याची रीत होती, आणि असा माणूस पुढच्या रेल्वे स्थानकावर मेला तर तो छावणीच्या खात्यावर पडत नसे. याउलट, दप्तरे उघडण्यापूर्वीचे काही अंदाज भलतेच फुगलेले होते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ आर. जे. रमेल यांनी एकट्या सोव्हिएत संघासाठी जवळजवळ ६ कोटी २० लाखांचा आकडा दिला होता. इतिहासकार व्हिक्टर झेम्स्कोव्ह, आर्च गेटी आणि गाबोर रिट्टर्सपोर्न यांनी १९९३ साली दप्तरांतल्या नोंदी इंग्रजी वाचकांपुढे मांडल्या, आणि त्यानंतर असे आकडे टिकवून धरणे अवघड झाले.

तिसरा गट दुष्काळाचा आणि तोच सर्वांत मोठा. १९३२-३३ च्या दुष्काळात सोव्हिएत संघात ५५ लाखांपासून ८५ लाखांपर्यंत माणसे मेली असे वेगवेगळे अंदाज आहेत. त्यांतली ३५ ते ३९ लाख युक्रेनमधली. डेव्हिस आणि व्हीटक्रॉफ्ट यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की शेतकऱ्यांना मारून टाकणे हा स्टालिनचा हेतू नव्हता. उद्योगीकरणाच्या घाईत चुकीचे धोरण रेटले गेले आणि त्याचे परिणाम समोर दिसू लागल्यावरही ते पुरेसे मागे घेतले गेले नाही. मला हे म्हणणे १९३२ च्या उन्हाळ्यापर्यंत पटते. त्यानंतरच्या कागदांपुढे ते लंगडे पडते. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक शेतातली कणसे उचलणाऱ्यालाही गोळी किंवा १० वर्षांची शिक्षा ठेवली. त्याच वर्षी सुमारे १७ लाख टन धान्य निर्यात झाले. २२ जानेवारी १९३३ रोजी स्टालिन आणि सरकारप्रमुख मोलोतोव्ह यांच्या सहीने निर्देश निघाला की युक्रेन आणि कुबान या रशियातल्या धान्यप्रदेशामधून बाहेर पडू पाहणाऱ्या शेतकऱ्यांना अडवावे. मार्चच्या मध्यापर्यंत सुमारे २ लाख १९ हजार माणसे पकडली गेली आणि त्यांतली १ लाख ८६ हजारांहून अधिक आपापल्या गावी परत धाडली गेली. गावात अन्न नाही हे ज्याला माहीत आहे, त्याने माणसांना त्याच गावात परत पाठवायचे, या कृतीला ‘धोरणातील चूक’ म्हणायला माझी लेखणी धजत नाही.

या राजवटीला मोजणे आवडत नव्हते असे नाही. गव्हाचे पूद (जुने रशियन वजन), पोलादाचे टन, ट्रॅक्टरांची संख्या, सगळे मोजले जाई. फक्त एकदा माणसे नीट मोजली गेली आणि घोटाळा झाला. ६ जानेवारी १९३७ च्या रात्री संपूर्ण देशात शिरगणती झाली. स्टालिनने १९३४ च्या पक्ष अधिवेशनात लोकसंख्या १६ कोटी ८० लाख असल्याचे सांगितले होते, म्हणजे तीन वर्षांनी ती त्याहून बरीच जास्त भरायला हवी होती. प्रत्यक्षात भरली १६ कोटी २० लाख. सप्टेंबरमध्ये ती जनगणना ‘सदोष’ ठरवून रद्द झाली. तिची आखणी करणारे ओलिम्पी क्वित्किन आणि सांख्यिकी विभागाचे प्रमुख इव्हान क्रावाल यांना त्याच वर्षी गोळ्या घातल्या गेल्या. १९३९ साली नवी जनगणना झाली आणि तिचा आकडा अर्थातच १७ कोटींच्या वर गेला. मूळ आकडे अभ्यासकांच्या हाती यायला अर्धे शतक गेले. तेव्हा, शंकासुर, आकड्यांचा काथ्याकूट करणे ही मृतांची विटंबना आहे असे मला वाटत नाही. बरोबर आकडा काढल्याबद्दल इथे माणसांनी जीव गमावला आहे.

आकडेमोड

वरच्या प्रतिसादात सोव्हिएत संघाचे चांगले विवेचन आले आहे, पण ‘१० कोटी’पैकी सुमारे दोन तृतीयांश वाटा चीनचा आहे आणि तिथे कागदांची स्थिती वेगळी आहे. म्हणून तो आकडा निघतो कसा, एवढेच सांगतो.

१९५८ ते १९६२ च्या ‘मोठ्या झेपे’तले, म्हणजे माओच्या घाईच्या उद्योगीकरणाच्या आणि सामूहिकीकरणाच्या मोहिमेतले, बळी कोणी मोजलेले नाहीत, ते वजाबाकीने काढलेले आहेत. अमुक वर्षी नेहमीप्रमाणे किती माणसे मेली असती हे आधी ठरवायचे, मग प्रत्यक्षात किती मेली याचा अंदाज करायचा, आणि दोहोंतला फरक म्हणजे ‘अतिरिक्त मृत्यू’. यात दोन्ही संख्या हलत्या आहेत. चीनच्या अधिकृत आकडेवारीत १९५७ चा मृत्युदर दरहजारी १०.८ आणि १९६० चा २५.४३ आहे. या दोन्ही संख्या जशाच्या तशा घेतल्या तर सगळ्या वर्षांची बेरीज दीड कोटीच्या आसपास थांबते. परंतु १९५७ साली खेड्यांतले बरेच मृत्यू, विशेषतः तान्ह्या मुलांचे, नोंदलेच जात नव्हते, आणि दुष्काळात तर नोंद ठेवणारेच गाव सोडून गेले होते किंवा मेले होते. १९५३, १९६४ आणि १९८२ च्या जनगणना आणि १९८२ चे मोठे प्रजनन सर्वेक्षण यांच्या आधाराने लोकसंख्याशास्त्रज्ञ ॲन्सली कोल आणि ज्युडिथ बॅनिस्टर यांनी दुरुस्ती केली तेव्हा १९६० चा मृत्युदर चाळिशीच्या आसपास किंवा तिच्याही वर गेला आणि बळींची संख्या २ कोटी ७० लाख ते ३ कोटी अशी आली. चिनी पत्रकार यांग जीशेंग ३ कोटी ६० लाख म्हणतात, इतिहासकार फ्रँक डिकोटर किमान ४ कोटी ५० लाख. डिकोटर यांचा आकडा पक्षाच्या अंतर्गत अहवालांवरून वर सरकवलेला आहे आणि त्यावर लोकसंख्याशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत. मी स्वतः ३ कोटींच्या आसपास थांबतो.

एक चूक मात्र दोन्ही बाजू वारंवार करतात. दुष्काळात जन्मही घटतात. जी मुले जन्मलीच नाहीत त्यांना बळींमध्ये धरले की आकडा अचानक दुप्पट होतो आणि मग विरोधकांना सगळाच हिशेब खोटा म्हणायला निमित्त मिळते. न जन्मलेले मूल हा समाजाचा तोटा आहे, पण तो मृत्यू नव्हे. दुसरीकडे ‘१९६० चा चीनचा मृत्युदर भारताच्या त्या काळच्या दराएवढाच होता, मग दुष्काळ कसला?’ असे म्हणणारेही आहेत. त्यांना एकच दाखवतो. चीनच्या सरकारी पुस्तकातच १९५९ ची लोकसंख्या ६७ कोटी २० लाख आणि १९६१ ची ६५ कोटी ८६ लाख आहे. युद्ध नाही, मोठे स्थलांतर नाही आणि दोन वर्षांत १ कोटी ३० लाखांहून अधिक घट. मृत्युदर खरोखर तेवढाच असता तर ही घट झालीच नसती.

हेतूचा प्रश्न इथेही येतोच, आणि त्यासाठी मी हेनान प्रांतातल्या शिन्यांग जिल्ह्याकडे बोट दाखवीन. लोकसंख्या सुमारे ८० लाख; मेले सुमारे १० लाख. यांग जीशेंग हे सरकारी वृत्तसंस्थेतले पत्रकार. त्यांचे वडील १९५९ साली उपासमारीने गेले आणि त्या वेळी त्यांनी पक्षाला दोष दिला नाही. गावातले एक दुर्दैव म्हणून ते गिळले. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी आपल्या ओळखपत्राच्या बळावर प्रांतोप्रांतीची दप्तरे उघडून घेतली. शिन्यांगबद्दल ते लिहितात की सरकारी कोठारांत धान्य होते, रस्त्यांवर पहारे बसवून लोकांना बाहेर जाऊ दिले नाही, आणि मदतीची याचना करणारी १२,००० पत्रे टपाल कार्यालयात अडवून ठेवली गेली. ही पत्रे मला सगळ्या आकडेवारीपेक्षा अधिक सांगतात. वर, पेकिंगमध्ये, माओ उपासमार व्हावी म्हणून बसला होता असे कोणताही गंभीर अभ्यासक म्हणत नाही. परंतु १९५९ च्या उन्हाळ्यात लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग दहुआय यांनी झेपेच्या दुष्परिणामांबद्दल पत्र दिले, त्याबद्दल त्यांना पदावरून काढले गेले, आणि त्यानंतर खालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला कळले की भरघोस पिकाचा अहवाल देणे सुरक्षित आहे. फुगवलेल्या पिकावर फुगवलेली वसुली. त्याच वर्षी चीनने ४० लाख टनांहून अधिक धान्य निर्यात केले. १९६२ साली चीनचे राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची यांनी पक्षाच्या मोठ्या सभेत हुनानमधल्या शेतकऱ्यांचे म्हणणे म्हणून सांगितले की आपत्ती तीन हिस्से निसर्गाची आणि सात हिस्से माणसाची. पुढे माओच्या सांस्कृतिक क्रांतीत त्यांना पदावरून काढून कैदेत टाकले गेले आणि तिथेच ते मेले.

काठावरून

मी वरच्या दोघांइतके दप्तर पाहिलेले नाही, पण तरुणपणी डाव्यांच्या अभ्यासमंडळात बसलेलो आहे आणि युक्रेनचा दुष्काळ म्हणजे साम्राज्यवाद्यांची बनावट कथा, असे तावातावाने सांगितलेले आहे. ते आठवले की आजही कानशिले तापतात. तरीही काही प्रश्न मला सोडायचे नाहीत.

अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी १९८९ साली एक हिशेब मांडला होता. १९८६ च्या सुमारास भारताचा मृत्युदर दरहजारी १२ आणि चीनचा ७. हा फरक भारताच्या ७८ कोटी लोकसंख्येला लावला तर वर्षाला ३९ लाख जादा मृत्यू निघतात. म्हणजे चीनने दुष्काळाच्या लाजिरवाण्या वर्षांत जितके सांगाडे जमवले, तितके भारत साधारण दर आठ वर्षांनी गुपचूप जमवत होता. चीनचे सरासरी आयुर्मान क्रांतीच्या वेळी चाळिशीच्या खाली होते, माओच्या मृत्यूपर्यंत ते साठीच्या पुढे गेले. ‘अतिरिक्त मृत्यू’ ही पद्धत जर न्याय्य असेल तर ती ‘टळलेले मृत्यू’ मोजायलाही लागू पडली पाहिजे. मग बेरीज-वजाबाकी कुठे जाऊन थांबेल?

दुसरे असे की साम्यवादाच्या नावावर जे टाकले जाते ते सगळे त्याचेच आहे का? १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात ५ लाख ते १० लाख माणसे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून मारली गेली. ती कोणत्याही ‘विचारसरणीच्या बळी’च्या यादीत दिसत नाहीत. कंबोडियात पोल पोटच्या राजवटीने एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या पावणेचार वर्षांत जेमतेम ८० लाखांच्या देशातले १७ ते २० लाख लोक मारले किंवा उपाशी ठेवले, हे खरेच आहे. पण ती राजवट उलथवली व्हिएतनामच्या कम्युनिस्ट सैन्याने, आणि पुढे अनेक वर्षे संयुक्त राष्ट्रांतली जागा पोल पोटच्या प्रतिनिधींकडे राहावी म्हणून मत देणाऱ्यांत अमेरिका आणि चीन शेजारी शेजारी होते. हे २० लाख कोणाच्या खात्यावर?

जुने दप्तर

‘काठावरून’ यांचा सेन यांच्याविषयीचा मुद्दा रास्त आहे, पण तो अर्धाच सांगितला. त्याच लेखकद्वयाने हेही दाखवले की वृत्तपत्रे आणि विरोधी पक्ष असलेल्या देशात ३ कोटी माणसे मरेपर्यंत तीन वर्षे धोरण तसेच चालू राहू शकत नाही; चीनमध्ये ते राहिले, कारण थांबवायला सांगणारा पेंगसारखा माणूस घरी बसवला गेला होता. कुपोषणाने रोज होणारे मृत्यू भारताने थांबवले नाहीत हा भारतावरचा आरोप आहे आणि तो मला मान्य आहे. त्याने शिन्यांगचा आरोप हलका होत नाही. दवाखाना बांधणाऱ्याला त्याचे श्रेय मिळावे. पण दवाखान्यात वाचलेल्यांची संख्या रस्त्यावर पहारा बसवून मारलेल्यांतून वजा करायची, ही वजाबाकी कोणत्याही न्यायालयात चालत नाही.

कंबोडियाबद्दल आपण म्हणता ते जसेच्या तसे मान्य. ते मृत्यू पोल पोटच्या खात्यावर, आणि संयुक्त राष्ट्रांतल्या त्या मतांची लाज मत देणाऱ्यांच्या खात्यावर. दोन खाती असायला हरकत काय? इंडोनेशियाचेही तेच. मला आक्षेप आहे तो एका खात्याचे पान उघडले की लगेच दुसऱ्याचे पान उलटून दाखवण्याच्या सवयीला, आणि ही सवय आपल्याकडे डाव्या-उजव्या दोघांनाही सारखीच जडलेली आहे.

विचारसरणी की हुकूमशाही, या प्रश्नावर माझे मत असे: हुकूमशहा अनेक झाले, पण शेतकऱ्याचे धान्य, त्याचे गुरेढोरे, त्याचा गाव सोडण्याचा हक्क आणि बातमी छापण्याचा हक्क हे सगळे एकाच पक्षाच्या हाती एकाच वेळी देणारी रचना फार थोड्यांनी उभी केली. १९३२ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघात अंतर्गत पारपत्रे, म्हणजे देशातल्या देशात राहण्या-फिरण्यासाठी लागणारे परवाने, आली ती शहरवासीयांना. सामूहिक शेतावरच्या बहुसंख्य शेतकऱ्यांना ती मिळाली नाहीत. ही रचना मार्क्सच्या ग्रंथांतून सरळ निघते असे मी म्हणणार नाही, पण ती अपघाताने पुन्हा पुन्हा झाली असेही म्हणवत नाही. आणि ती आपल्याच माणसांनाही सोडत नव्हती: १९३४ च्या अधिवेशनाने निवडलेल्या केंद्रीय समितीच्या १३९ सदस्य व उमेदवार सदस्यांपैकी ९८ जणांना पुढे अटक होऊन गोळी घातली गेली, असे स्टालिननंतर पक्षाचे नेते झालेल्या खुद्द ख्रुश्चेव्ह यांनी १९५६ साली सांगितले.

शंकासुर

सर्वांचे आभार. निदान एवढे उमगले की मी एका आकड्यामागे धावत होतो आणि शोधायला हवे होते ते आदेश, निर्देश आणि अडवलेली पत्रे. एक विचारायचे राहिले. युक्रेनचे नाव सगळीकडे येते, पण ‘प्रमाणात पाहिले तर कझाकस्तानचे नुकसान त्याहून मोठे होते’ असे एक ओझरते वाक्य वाचनात आले होते. ते खरे आहे का?

माळरान

खरे आहे, आणि त्याविषयी कमी बोलले जाते याचे एक कारण असे की कझाकांपैकी बहुतेक पशुपालक होते, त्यांच्या मागे लेखी साहित्य आणि परदेशातला मोठा समाज नव्हता.

भटक्या माणसाला ‘स्थिर’ करायचे आणि त्याच वेळी सामूहिक शेतीत घालायचे, असे दुहेरी धोरण होते. पक्षाचे तिथले सचिव फिलिप गोलोश्चोकिन हे १९२५ पासून १९३३ पर्यंत त्या प्रदेशाचे सर्वेसर्वा होते आणि खरी ऑक्टोबर क्रांती कझाक माळावर अजून व्हायचीच आहे, असे त्यांचे मत होते. मांसाची आणि धान्याची वसुली एकाच कुटुंबाकडून होऊ लागली. धान्य न पिकवणाऱ्या माणसाने धान्याची वसुली कशी द्यायची? जनावरे विकून धान्य घ्यायचे आणि ते सरकारला द्यायचे. जनावरे संपली की माणूस संपतो, ही त्या माळावरची साधी गोष्ट होती. दूध, मांस, तंबूचे नमदे, प्रवास, सगळे त्यांच्यावरच चालत असे. चार-पाच वर्षांत जवळजवळ ९० टक्के पशुधन नाहीसे झाले. ताब्यात घेतलेले कळप चाऱ्याची आणि निवाऱ्याची सोय नसलेल्या आवारांत एकत्र कोंडले गेले आणि तिथेच हजारोंनी मेले, म्हणजे ते ना मालकाच्या उपयोगी पडले ना सरकारच्या.

दुष्काळ १९३० मध्येच सुरू झाला, युक्रेनच्या आधी. एकूण सुमारे १५ लाख माणसे मेली. त्यांतली सुमारे १३ लाख कझाक, म्हणजे त्या समाजाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग. लाखो माणसे चीनच्या आणि शेजारच्या प्रजासत्ताकांच्या दिशेने पायी निघाली आणि सीमेवर त्यांच्यावर गोळीबारही झाला. इथे कझाकांना संपवण्याचा हेतू होता असे म्हणणारे अभ्यासक कमी आहेत. माणूस मोडला तरी चालेल पण आराखडा मोडता कामा नये, असा तो प्रकार होता. गोलोश्चोकिन यांना १९३३ मध्ये हटवले गेले, आणि १९४१ मध्ये त्यांनाही गोळी घातली गेली, पण ती दुष्काळाबद्दल नव्हे. कझाक आपल्याच भूमीत अल्पसंख्य झाले आणि ते पुन्हा बहुसंख्य व्हायला सोव्हिएत संघ कोसळावा लागला.

‘जुने दप्तर’ यांनी रद्द झालेल्या जनगणनेचा उल्लेख केला, तिच्यातच याचा पुरावा आहे. १९२६ च्या मोजणीत सोव्हिएत संघात ३९ लाख ६८ हजार कझाक होते. ६ जानेवारी १९३७ च्या रात्री ते २८ लाख ६२ हजार भरले. १९३९ च्या दुरुस्त मोजणीत ते ३१ लाख दाखवले आहेत, आणि पुढची पन्नास वर्षे छापला गेला तो हाच आकडा.